किती जवळ जायचं?

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी मानवत रोडच्या आधी पेडगाव स्थानकातून पुढे जाते. मुलुख सपाट. दोन्ही बाजूंना काळ्या मातीची रानं, दिवाळीच्या सुमारास त्यात फुटलेली कपाशी आणि अधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे. नजर अडवायला डोंगर नसल्यामुळे गाडी लांबूनच दिसते. आधी एक ठिपका, मग इंजिनाचं तोंड, मग डब्यांची रांग, मग खिडकीच्या गजांना धरलेले हात, आणि शेवटी एखादा चेहरा. तो चेहरा क्षणभर दिसतो आणि निघून जातो.

सिनेमाची पहिली ओळख जगाला याच क्रमाने झाली. लुमिएर बंधूंनी फ्रान्समधल्या ला सिओटा या गावच्या स्थानकावर १८९५ मध्ये कॅमेरा रोवला आणि येणारी गाडी टिपली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला चित्रपट-खेळ झाला, त्यातही ही फिल्म होती. ती एक मिनिटाचीही नाही. कॅमेरा जागचा हलत नाही, कुठे कातरकाम नाही. पण ज्या माणसाने कॅमेऱ्याची जागा निवडली, त्याने तो रुळांच्या अगदी समोर ठेवला नाही आणि काटकोनातही ठेवला नाही. फलाटावर, थोडा तिरका ठेवला. त्यामुळे गाडी दूरच्या कोपऱ्यातून निघते, चौकट भरत भरत पुढे येते, उतारू उतरतात आणि काही जण कॅमेऱ्याच्या इतके जवळून जातात की त्यांचे चेहरे नीट दिसतात. लाँग शॉट, मिड शॉट आणि जवळजवळ क्लोज-अप असे तिन्ही प्रकार त्या एकाच शॉटमध्ये आहेत. शॉटच्या आकारांचा पहिला धडा तिथेच आहे, आणि तो गिरवायला एक थांबा आणि एक येणारी गाडी एवढं पुरतं.

आज पेडगावच्या अकरावी-बारावीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती जो फोन आहे, तो लुमिएरांच्या लाकडी पेटीपेक्षा कितीतरी अधिक काम करतो. पडद्यावर गावाकडची मुलं कमी पडतात ती यंत्रामुळे नव्हे. अडतं ते एका साध्या प्रश्नापाशी: समोर जे घडतंय, त्याच्या किती जवळ जायचं? शॉट साइझ म्हणजे या प्रश्नाचं दर वेळी नव्याने दिलेलं उत्तर.

एका वेचणीचे सात शॉट

चित्रपटाच्या सेटवर शॉटच्या आकारांची भाषा तुटक असते. ‘लाँग घे’, ‘मिड दे’, ‘जरा टाईट कर’, ‘लूज ठेव’, ‘आता ओएस’, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. पुस्तकात याच्या व्याख्या माणसाच्या शरीरावरून केलेल्या असतात: चौकटीत डोक्यापासून कुठपर्यंतचा भाग आला, यावर शॉटचं नाव ठरतं. पण व्याख्या पाठ करून शॉट घेता येत नाही. त्यासाठी एखादं रोजचं काम निवडावं आणि त्याच्याभोवती फिरून बघावं. परभणीच्या रानात कापसाची वेचणी हे असं काम आहे.

पहिला शॉट एक्स्ट्रीम लाँग. काळं रान, त्यावर पसरलेला पांढरेपणा, वर आभाळ आणि मध्ये वेचणाऱ्या बाया एवढ्याशा. इथे माणूस कोण, हे कळत नाही. रान केवढं आहे, ते कळतं. दुसरा लाँग शॉट. एक बाई डोक्यापासून पायापर्यंत दिसते. ती वाकून चालते, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकते. तिचं काम आणि तिची चाल या आकारात सर्वांत चांगली दिसते. तिसरा, गुडघ्यांच्या जरा वरपासून डोक्यापर्यंतचा. याला अमेरिकन शॉट म्हणतात, काही जण काउबॉय शॉटही म्हणतात. घोडेस्वारांच्या जुन्या अमेरिकी चित्रपटांत कमरेच्या पिस्तुलापर्यंतचा भाग चौकटीत यावा म्हणून तो रूढ झाला, असं सांगितलं जातं. वेचणीत तोच आकार पिस्तुलाऐवजी ओटीच्या कामी येतो: चेहराही दिसतो आणि ओटी किती भरली तेही.

चौथा मिड शॉट, कमरेपासून वर. आता हात आणि चेहरा एकाच वेळी वाचता येतात. पाचवा मिड क्लोज-अप, छातीपासून वर. दोघी बोलायला लागल्या तर बहुतेक संवाद याच आकारात घेतले जातात. सहावा क्लोज-अप, फक्त चेहरा. आणि सातवा एक्स्ट्रीम क्लोज-अप: वाळलेल्या बोंडाची अणकुचीदार टोकं, त्यात शिरणारी बोटं आणि त्या बोटांवरचे ओरखडे. वेचणी म्हणजे काय, हे ज्याने कधी केलेली नाही त्याला हा सातवा शॉट एका क्षणात सांगतो. पहिल्या शॉटमधून जे रान सुंदर दिसत होतं, त्याची किंमत इथे कळते.

लाँग शॉट ‘कुठे’ ते सांगतो, मिड ‘काय चाललंय’ ते सांगतो आणि क्लोज-अप ‘कसं वाटतंय’ ते सांगतो. नवशिक्याची नेहमीची चूक अशी की तो सगळा चित्रपट मिड शॉटमध्ये घेतो. कारण फोन हातात धरून माणसाशी बोलताना आपण जेवढ्या अंतरावर उभे राहतो, तेवढ्यावरूनच तो शॉट घेतो. धड रान दिसत नाही, धड बोटं दिसत नाहीत. पन्नास पावलं मागे जायचा कंटाळा आणि दोन पावलं पुढे जायचा संकोच, या दोन गोष्टींनी अनेक विद्यार्थी-चित्रपट सपाट केले आहेत.

मंदाकिनीचा चेहरा, राजगुरूचा डोळा

जवळ जाण्याची हिंमत मराठी माणसाने फार लवकर केली. १९१९ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’ केला. त्यात बाळकृष्णाचं काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं; ती तेव्हा सात वर्षांची होती. कथा सुरू होण्याआधी फाळके प्रेक्षकांना फक्त तिचा चेहरा दाखवतात. भाव बदलत जातात आणि मग त्याच चेहऱ्याच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण येतो. पौराणिक चित्रपट बघायला आलेल्या प्रेक्षकाला फाळके आधी सांगतात की हा देव नाही, ही एक मुलगी आहे आणि ती अभिनय करणार आहे. नाटकाच्या शेवटच्या रांगेतून जे कधीच दिसलं नसतं, ते क्लोज-अपने सगळ्यांना सारखंच दाखवलं.

पंधरा वर्षांनी, १९३४ मध्ये, पुण्याच्या प्रभात स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’ केला. त्यातल्या क्रूर राजगुरूचं काम चंद्रमोहन यांनी केलं. शांताराम यांनी टेलिफोटो लेन्स वापरून त्यांचा डोळा पडद्याएवढा केला. भारतात ही लेन्स पहिल्यांदा याच चित्रपटात वापरली गेली, असं चित्रपटाच्या इतिहासात नोंदलं जातं. मंदाकिनीच्या चेहऱ्याने प्रेक्षक जवळ ओढला होता. राजगुरूच्या डोळ्याने तो दचकला. आकार तोच, जवळचा. पण एकात माया आहे, दुसऱ्यात धाक. क्लोज-अप म्हणजे ‘भावनिक शॉट’ असं सरधोपट समीकरण वर्गात शिकवलं जातं, ते खोडायला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

चेहरा एकटा काय बोलतो, याचाही एक प्रसिद्ध प्रयोग आहे. रशियात लेव कुलेशोव यांनी इवान मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तो तीन वेगवेगळ्या शॉटशी जोडला: सूपची थाळी, शवपेटीतली मुलगी आणि एक तरुणी. चेहरा बदलला नव्हता, तरी बघणाऱ्यांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. विद्यार्थ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: क्लोज-अपमध्ये नटाला फार काही ‘करायला’ लावू नये. त्याच्या आधीचा आणि नंतरचा शॉट नीट निवडावा. गावातल्या आजीकडून रडण्याचा अभिनय करून घेण्यापेक्षा, तिचा शांत चेहरा आणि त्याच्याआधी रिकामं दावं दाखवलं तर प्रेक्षक उरलेलं स्वतः भरतो.

चौकटीच्या आत काय, बाहेर काय

शॉटचा आकार ठरला की दुसरं काम चौकटीचं. अंतर एकच राहिलं तरी कॅमेरा एक हात डावीकडे सरकला की अर्थ बदलतो. याचं मराठीतलं लख्ख उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) आहे. जब्या या शाळकरी मुलाचं कुटुंब पकडलेलं डुक्कर काठीला टांगून गावातून नेत असतं आणि पाठीमागे शाळेची भिंत येते. भिंतीवर महात्मा फुले, सावित्रीबाई, डॉ. आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. कुणी काही बोलत नाही. संवादात हे लिहिलं असतं तर भाषण झालं असतं. कॅमेरा जरा पुढे गेला असता तर माणसं दिसली असती, भिंत गेली असती. फार मागे गेला असता तर भिंत दिसली असती, पण माणसांची मान खाली गेलेली दिसली नसती. तो शॉट नेमक्या अंतरावरून आणि नेमक्या कोनातून घेतलेला आहे, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. त्याच चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. तोवर सुरक्षित अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाचं अंतर तिथे एका फटक्यात संपतं.

मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. तेही रेल्वे स्थानकाचंच गाव. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात त्यांनी जनसंज्ञापनाचं शिक्षण घेतलं. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या महाविद्यालयातून हा रस्ता निघू शकतो, हे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने पक्कं ध्यानात ठेवावं.

दूर राहणं हाही ठाम निर्णय असू शकतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा त्यात बहुतेक वेळ स्थिर आणि लांब आहे. न्यायालयाची खोली, बाकं, फायली, मागे ताटकळणारी माणसं, सगळं एकाच चौकटीत. कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. एखाद्या माणसाला व्यवस्था कशी गिळते, हे सांगण्यासाठी व्यवस्था चौकटीत मावली पाहिजे. म्हणून तिथे लाँग शॉट आहे. ‘कोर्ट’ जवळ जाऊन केला असता तर तो खटल्यात अडकलेल्या एका लोकशाहिराची करुण कहाणी झाला असता. दूर राहिल्यामुळे तो सगळ्यांचा झाला.

सपाट मुलखाची अडचण आणि सोय

पेडगावसारख्या ठिकाणी चौकट धरणाऱ्याला पहिली अडचण क्षितिजाची येते. डोंगर नाही, दरी नाही. फोन उचलला की क्षितिजाची रेघ बरोबर मधोमध येते आणि अर्धं आभाळ, अर्धं रान असं चित्र तयार होतं. स्टीव्हन स्पीलबर्ग पोरसवदा असताना ज्येष्ठ दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी त्यांना नेमकी हीच गोष्ट शिकवली होती. क्षितिज चौकटीच्या तळाशी असलं तर चित्र बोलतं, वर असलं तरी बोलतं, मधोमध असलं की मुकं होतं. हा प्रसंग स्पीलबर्ग यांनी २०२२ च्या ‘द फेबलमन्स’मध्ये शेवटी घातला आहे.

परभणीच्या रानात हे लगेच पडताळून बघता येतं. फोन जमिनीजवळ नेऊन क्षितिज तळाशी ठेवलं की आभाळाखाली उभा माणूस मोठा दिसतो, ताठ दिसतो. बैलगाडीवर उभं राहून क्षितिज वर ढकललं की चौकट मातीने भरते आणि माणूस त्या मातीत रुतलेला दिसतो. शेतकरी तोच, वेळ तीच, पण पहिल्या चित्रात तो मालक वाटतो आणि दुसऱ्यात कर्जदार.

चौकटीचे तीन उभे आणि तीन आडवे भाग पाडून महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर ठेवावी, हा नियम सगळे सांगतात. तो सिनेमापेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये तो निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ चालू केलं की त्या रेघा पडद्यावर दिसतात. सुरुवातीला त्या कामाच्या आहेत. त्याहून कामाच्या दोन सवयी आहेत. एक, डोक्यावर किती जागा सोडली ते बघणं. फार सोडली की माणूस खाली घसरल्यासारखा दिसतो. दोन, माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जास्त जागा सोडणं. नाहीतर तो भिंतीवर नाक टेकून बोलतोय असं वाटतं. शरीर कापताना सांध्यावर कापू नये, हेही जुने छायालेखक सांगतात: घोटा, गुडघा, मनगट यांवर चौकटीची कड आली की तो अवयव तुटल्यासारखा दिसतो. कड मांडीवर किंवा छातीवर यावी.

आणि शॉट सुरू करण्याआधी चारही कोपरे बघावेत. विद्यार्थी मध्यभाग बघतो, प्रेक्षक पडद्यावर सगळं बघतो. आजीच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब किंवा कोपऱ्यात फडफडणारी प्लास्टिकची पिशवी घेताना दिसत नाही, दाखवताना मात्र सगळ्यांना दिसते.

दोघांचं बोलणं घ्यायचं असेल तर आणखी एक शिस्त लागते. पारावर दोन म्हातारे समोरासमोर बसले आहेत असं समजा. त्या दोघांना जोडणारी एक रेघ मनात आखावी आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्यावेत. रेघ ओलांडली की जोडताना दोघेही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलतायत हेच कळेनासं होतं. ही चूक संकलनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाही. पुन्हा पारावर जावं लागतं, आणि तोवर म्हातारे उठून गेलेले असतात.

फोनचे गुण, फोनच्या खोड्या

सीन बेकर यांचा ‘टँजरिन’ हा अमेरिकी चित्रपट २०१५ मध्ये आला, तो आयफोन ५एसवर चित्रित केलेला होता. तेव्हापासून ‘फोनवर सिनेमा होतो का’ हा प्रश्न संपला आहे. पण फोनच्या खोड्या माहीत हव्यात.

फोनची मुख्य लेन्स रुंद असते. ती एका नजरेत बरंच काही घेते. लाँग शॉटला ती उत्तम. तीच लेन्स घेऊन क्लोज-अपसाठी चेहऱ्याशी गेलं की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. फोनमध्ये दुसरी, दुप्पट मोठं दाखवणारी लेन्स असेल तर ती लावून दोन पावलं मागे यावं. चेहरा नैसर्गिक दिसतो. बोटांनी पडदा ताणून केलेला झूम मात्र टाळावा. बहुतेक फोनांत त्याने चित्र जवळ येत नाही, नुसतं फाटतं.

कपाशीच्या रानात फोन एक खास घोटाळा करतो. तो आपणहून उजेड ठरवतो. चौकटीत काळी माती जास्त असली की त्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळवतो आणि पांढरा कापूस जळून जातो. बोंडाचे धागे दिसेनासे होऊन नुसता पांढरा डाग उरतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर कापसाच्या जागी बोट दाबून धरावं, म्हणजे बहुतेक फोनांत उजेड तिथे कुलूपबंद होतो, आणि मग तो हळूच खाली ओढावा. वेचणी सकाळी लवकर सुरू होते. तो तिरपा उजेड चेहऱ्यालाही चांगला आणि कापसालाही. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात.

आणि फोन आडवा धरावा. उभी चौकट एका माणसापुरती असते. रान, पार, बैलजोडी, शेजारी बसलेल्या दोघी यांना रुंदी लागते.

फोनची सगळ्यात मोठी खोडी माणसाच्या हातातली आहे: तो कुणाच्याही नकळत चालू करता येतो. शेतात राबणाऱ्या बाईचा लांबून, तिला न सांगता घेतलेला क्लोज-अप दिसायला जवळचा असला तरी तो चोरलेला असतो. तिच्यापाशी जाऊन, नाव विचारून, ‘काकू, तुमचे हात घेऊ का?’ असं म्हणून घेतलेला शॉट पडद्यावर वेगळा दिसतो, कारण तिची मान वेगळी असते. क्लोज-अपचं अंतर पावलांनी मोजायच्या आधी ओळखीने मोजायचं असतं.

शिकायचं कुठे

ज्या आवारात चंद्रमोहन यांचा डोळा पडद्याएवढा झाला, त्याच प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट सुरू झाली. उमेश कुलकर्णी यांनी इथे शिकत असताना केलेला ‘गिरणी’ हा लघुपट शॉटचा अभ्यास करणाऱ्याने आवर्जून बघावा. घरात आलेली पिठाची गिरणी आणि तिच्या आवाजात घुसमटणारा मुलगा, एवढाच विषय. खोली लहान, माणसं मोजकी. लहान जागेत कॅमेरा कुठे ठेवायचा याचं ते उत्तम उदाहरण आहे. २०१७ पासून या संस्थेने पुण्याबाहेरही छोटे अभ्यासक्रम नेले आहेत. पण तिथवर पोहोचण्याआधीचं वर्ष-दोन वर्षं गावात वाया घालवायचं कारण नाही.

पेडगावातून किंवा परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी या दिवाळीच्या सुट्टीत एक गृहपाठ सुचवावासा वाटतो. विषय एकच: थांब्यावर एसटी येते आणि कुणीतरी उतरतं. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते आणि रुळांजवळ फोन घेऊन उभं राहणं जिवावर बेततं, म्हणून गाडीच्या जागी एसटी. पहिल्या दिवशी लुमिएरांसारखा एकच शॉट घ्यावा. फोन विटांवर किंवा ओट्यावर टेकवून, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, तिरका. हलवायचा नाही, एक मिनिट. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पाच शॉटमध्ये: रिकामा रस्ता, येणारी एसटी, दार उघडून उतरणारा माणूस, वाट बघणाऱ्याचा चेहरा आणि पिशवी घेणारा हात. तिसऱ्या दिवशी दोन्ही वर्गाच्या भिंतीवर किंवा घरातल्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवावं आणि बघणाऱ्यांना एवढंच विचारावं की उतरलेला माणूस आणि वाट बघणारा, या दोघांचं नातं काय? उत्तर बरोबर आलं तर शॉट बरोबर होते. चुकलं तर चौथ्या दिवशी पुन्हा जावं.

त्यासाठी सकाळची पहिली एसटी किती वाजता येते, ते आदल्या रात्री विचारून ठेवावं आणि ती यायच्या पंधरा मिनिटं आधी थांब्यावर पोहोचावं.